शिवभोजन थाळी: जेवण बरं, वरण पातळ

आधी जेवणाचं सांगते, मग पैशाचं. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. ही राज्य सरकारची शिवभोजन थाळी, द्यायचे दहा रुपये. केंद्र लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, ग्रामीण रुग्णालयापासून चालत पाच मिनिटांवर. गावाचं आणि केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चालवणाऱ्या ताईंची बिलं आधीच अडकलेली आहेत, माझ्या लिहिण्यानं आणखी अडकायला नकोत.

मला या विषयात नाक खुपसायचा अधिकार काय, तर लातूरला माझी खानावळ होती. अंबाजोगाई रोडच्या मागच्या गल्लीत. 'लातूर पॅटर्न' म्हणून गावोगावची लेकरं अकरावी-बारावीला आणि नीटच्या क्लासला यायची, त्यांचे डबे आणि दोन वेळची पंगत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा ताटं माळ्यावर टाकून पत्रावळीवर वाढलं, पण चूल बंद ठेवली नाही. ती बंद पडली मार्च २०२० मध्ये. लॉकडाऊन लागलं, लेकरं गावी गेली, जागेचं भाडं चालूच राहिलं. मोठी पातेली शेवटी मोडीत घातली. एवढं झाल्यावर कुणी ताट पुढं ठेवलं की माझा हात आधी वरणाची वाटी हलवून बघतो.

चपातीपासून सुरू करू. सरकारी माप ३० ग्रॅमचं, म्हणजे फुलक्याएवढी. कणीक चांगली मळलेली, कडा कच्च्या नाहीत. साडेबाराच्या आत गेलात तर तव्यावरची मिळते. दीडनंतर मिळणारी डब्यात कापडाखाली घाम सुटलेली असते, तिला इलाज नाही, शंभर माणसाला दोनशे चपात्या एका तव्यावर कोण देईल? भाजी १०० ग्रॅम. मी खाल्ली ती एकदा बटाटा-वांगं, एकदा मटकी. दोन्ही वेळा काळा मसाला घरचा होता, पाकिटातला नाही. आमच्याकडच्या माणसाला हे वाटी तोंडाजवळ यायच्या आधीच कळतं. वांगं देठासकट चिरलेलं, तेल बेतानं, मीठ बरोबर. मटकीला मोड नीट आलेले होते, आणि मोड आणणं म्हणजे आदल्या रात्रीपासून आठवण ठेवणं. स्वयंपाक करणारी बाई मनापासून करते याचा एवढा पुरावा मला पुरतो. भात १५० ग्रॅम, मूद पाडलेली, तांदूळ साधा पण मोकळा.

वरण मात्र पातळ. हिंग आहे, हळद आहे, फोडणी करपलेली नाही, फक्त डाळ कमी आहे. पळी बुडाशी नेऊन वर काढली तरी घट्ट काही लागत नाही. लातूर म्हणजे तुरीची पेठ. इथले सौदे बघून बाहेरचे व्यापारी भाव धरतात, डाळमिलांची रांग आहे. तिथं वरण पातळ असावं याचं कुणालाही नवल वाटेल. मला वाटलं नाही. वरण पातळ का होतं हे खानावळ चालवलेल्या माणसाला विचारा, त्याचं उत्तर स्वयंपाकघरात नसतं. त्याकडे येतेच.

त्याआधी भाकरी. ज्वारीच्या मुलखात सरकारी थाळीत चपाती का, असं शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, जणू थाळी मीच ठरवली. खरं कारण असं की भाकरी थापायला हात लागतो. चपात्या लाटून ठेवता येतात, एक लाटते एक भाजते, काम पळतं. भाकरी एकेकच थापावी लागते आणि तासाभरात वातड होते. शंभर माणसाला भाकरी द्यायची तर चुलीवर दोन बायका वाढवाव्या लागतात. १९९५ साली युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली होती, ती आठवणारे लोक इथं अजून आहेत. ती केंद्रं का टिकली नाहीत याची कारणं पुष्कळ, पण भाकरीची मजुरी आणि एक रुपया यांचं जमणारं नव्हतंच. मोक्याच्या जागा मात्र मिळालेल्या होत्या, त्यांवर पुढे वडापाव आणि चायनीजच्या गाड्या लागल्या.

जागेबद्दल: एका वेळी पंचवीस माणसं बसतील एवढी जागा असावी, अशी योजनेची अट आहे. इथं दोन लांब टेबलं आणि बाकडी आहेत, पंचवीस बसतात, कोपर कोपराला लागतं. पाण्याचे जार, हात धुवायला बाहेर नळ. फरशी पुसलेली होती. भिंतीवर पुढाऱ्यांच्या फोटोंचा फलक आहे, त्यावर सरकार बदलल्याच्या खुणा दिसतात: जुन्या चेहऱ्यांवर नवा कागद डकवलाय आणि कोपऱ्यातून जुना कान बाहेर आलाय. थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, त्यानंतर किती खांदेपालट झाले ते त्या कानाला विचारा.

आता या केंद्राची सगळ्यात चांगली गोष्ट. इथं कुणी तुमचा कागद मागत नाही. रेशनकार्ड नको, आधार नको, उत्पन्नाचा दाखला नको. दहा रुपये द्या, बसा. गरीब असल्याचं सिद्ध करायला तहसीलला चार हेलपाटे घालून आलेल्या माणसाला याची किंमत विचारा. मी बसले होते तेव्हा टेबलावर कोण होतं? रुग्णालयात सून बाळंतपणाला आणलेली एक सासू आणि तिच्यासोबत दोन लहान लेकरं. लाडक्या बहिणीची केवायसी करायला सेवा केंद्रात सकाळपासून उभ्या राहिलेल्या तिघीजणी, सर्व्हर बंद म्हणून जेवून परत रांगेत जाणाऱ्या. बांधकामावरची बिहारी पोरं, भाताची मूद आधी फोडणारी. अडतीवरचे दोन हमाल, घरून फडक्यात भाकरी आणलेली, त्यांनी थाळी घेतली ती भाजी-वरणासाठी. दोन फुलक्यांत पोत्याखालचा माणूस भागत नाही, हे त्यांनी न बोलता ठरवून टाकलंय. आणि गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबून भिंतीकडे तोंड करून बसलेला एक गृहस्थ. सरकारी कर्मचाऱ्यांनी ही थाळी खायची नाही असा नियम आहे. पण मी पोलीस नाही.

कागद मागत नाहीत, पण फोटो काढतात. प्रत्येक जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो ॲपमध्ये टाकल्याशिवाय ती थाळी हिशेबात धरली जात नाही. ताईंचा मुलगा दारात मोबाइल घेऊन उभा असतो. रेंज गेली की रांग थांबते आणि आत वाढलेलं निवतं. बाळंतिणीची सासू पदर तोंडावर ओढत होती, तो म्हणाला, "मावशी, चेहरा दिसू द्या, नाहीतर थाळी कटते." ती म्हणाली, "जेवायला आले का ठाण्यात?" सगळे हसले, तीही हसली, पण पदर अर्धाच बाजूला केला. फोटोची सक्ती उगाच आलेली नाही हेही खरं. फोटोचे फोटो काढून न वाढलेल्या थाळ्या दाखवल्याच्या बातम्या आपण वाचल्यात, त्यातून पुढे केंद्रात सीसीटीव्हीचीही सक्ती आली. म्हणजे चोरी केली कुणी, आणि कॅमेरा घ्यायचा खर्च प्रामाणिक बाईच्या डोक्यावर.

जेवण झाल्यावर मी आत गेले. खानावळवाली खानावळवालीला ओळखते. पाच मिनिटांत आमचं गॅसच्या टाकीवर बोलणं सुरू झालं, दहा मिनिटांत तिनं वही काढली.

या थाळीचा दर असा आहे: शहरी भागात एका थाळीचे ५० रुपये, ग्रामीण भागात ३५. त्यातले १० जेवणारा देतो. उरलेले शहरात ४० आणि ग्रामीणला २५ सरकार केंद्रचालकाला देतं. हा दर २०२० चा, आणि ताईंना आजही तोच मिळतो. मधल्या काळात तूरडाळ किरकोळीत दीडशेच्या वर जाऊन आली, खाद्यतेलानं रडवलं, टाकीचं विचारूच नका. मजुरी तर एकदा वाढली की खाली येत नाही.

तिच्या वहीवरून आणि माझ्या अंदाजानं ग्रामीण थाळीचा खर्च मी तिथंच मांडला. तांदूळ साठेक ग्रॅम, २.६०. दोन चपात्यांची कणीक, १.८०. वरण घट्ट हवं तर डाळ २५ ग्रॅम, ३ रुपये. भाजी निवडून-चिरून जाणारा कचरा धरून ४.८०. तेल १.८०. मीठ-मसाला रुपया. झाले पंधरा. गॅस दोन रुपये. तीन बायका, रोज ३५० प्रमाणे, शंभर थाळ्यांवर वाटल्या तर साडेदहा. भाडं, लाइट, जार, साबण मिळून तीन. एकूण ३०.५०. राहिले साडेचार रुपये, म्हणजे शंभर थाळ्यांमागे ४५० रुपये रोजचे. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला हे मिळाले तर तिची तक्रार नाही, माझीही नाही. लोक म्हणतात पस्तीस रुपयांत थाळी बसतच नाही. बसते. ओढूनताणून बसते, पण बसते.

फक्त ते २५ रुपये वेळेवर आले पाहिजेत.

ते येत नाहीत. मी गेले तेव्हा तिचं सहा महिन्यांचं बिल थकलेलं होतं. ही तिच्या एकटीची गोष्ट नाही, २०२५ मध्ये राज्यभरच्या केंद्रचालकांच्या थकलेल्या अनुदानाच्या बातम्या येत होत्या. आता पुढचा हिशेब बघा. रोजचा खर्च ३,०५०. गल्ल्यात रोज येतात १,०००. म्हणजे रोज २,०५० रुपये तिनं कुठून तरी आणायचे. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५३,३००. सहा महिन्यांचे झाले जवळजवळ ३ लाख २० हजार. काही किराणावाल्याकडे उधार, बाकी बचत गटातून आणि ओळखीतून महिना शेकडा दोननं. उधारीवर किराणावाला डाळ नेहमीच्या भावात देत नाही, म्हणून तीही रक्कम मी त्याच दरानं धरते. सहाव्या महिन्याचं व्याजच ६,४०० रुपये. तिनं डाळ २५ ग्रॅमवरून निम्मी केली तर महिन्याला वाचतात ३,९००. म्हणजे वरणात पाणी घालूनही व्याज फिटत नाही. पातळ वरणाला मी जे गुण कापले आहेत, ते वाढणाऱ्या बाईचे कापलेले नाहीत, हे या ठिकाणी नोंदवते.

"मग बंद का करत नाही?" मी विचारलं.

"बंद केलं तर मागचं कोण देईल, ताई?" ती म्हणाली. "चालू आहे म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेत बसायला खुर्ची तरी देतात."

मला आठवतं, कोविडमध्ये हीच थाळी पाच रुपयांना होती, २०२१ च्या एप्रिलपासून काही महिने तर फुकट, पार्सल बांधून. तेव्हा गल्ल्यात येणारा रुपयाही बंद होता, सगळा भार अनुदानावर. त्या वेळी शहरं सोडून निघालेल्या मजुरांना या केंद्रांनी जेवू घातलं. ती जेवणं ज्यांनी रांधली त्या बायका पुढे उधारीच्या वहीत अडकल्या, हे त्या वेळच्या कौतुकाच्या भाषणांत नव्हतं.

आपल्याकडची पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मुलगा बंगळुरूला असतो, तिथलं इंदिरा कॅन्टीन मी बघितलंय. १६ ऑगस्ट २०१७ ला सुरू झालं, सकाळचा नाश्ता पाच रुपये, जेवण दहा. इमारती महापालिकेनं बांधल्या, जेवण मोठ्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून कंत्राटदाराच्या गाडीनं येतं. स्वच्छ असतं, पण कुठल्याही कॅन्टीनला गेलात तरी त्याच हाताची चव. आपल्या सरकारनं इमारत बांधली नाही. गावात जी खानावळ आहे, जो बचत गट आहे, त्याच्याच चुलीवर योजना ठेवली. त्यामुळे ती झपाट्यानं तालुक्या-तालुक्यात पोचली, पैसा गावच्या किराणा दुकानात, भाजीवाल्याकडे, चपात्या लाटणाऱ्या बाईकडे गेला. वांग्यात घरचा काळा मसाला पडला तो यामुळेच. मला हीच पद्धत आवडते.

पण चूल तिची, जागा तिची, उधारी तिची आणि घोषणा सरकारची, असं किती दिवस चालणार? चेन्नईत २०१३ ला अम्मा उणवगम सुरू झालं, एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबार भात. तिथंही रांधणाऱ्या बचत गटाच्याच बायका. पण धान्य महापालिकेचं आणि बायकांना रोजची मजुरी. उद्या महापालिकेकडे पैसे कमी पडले तर इडली बंद पडेल, बाईचं मंगळसूत्र गहाण पडणार नाही. आपण नेमकं हेच उचललं नाही. तिकडे पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' ही खानावळ किती वर्षं चालवली. सरकारच्या बिलाची वाट न बघता, हमालाला परवडेल अशी. त्यांनी भाव दहा रुपये ठेवला नाही, जेवढा खर्च तेवढा ठेवला, म्हणून टिकली. मात्र ती मोठ्या पेठेतल्या संघटित हमालांच्या जोरावर. आमच्या तालुक्याच्या गावी रुग्णालयाबाहेर बसलेली सासू कुठल्या संघटनेत आहे?

शेतकऱ्याचंही एक सांगते, कारण माझ्या बाजूला बसलेले आजोबा तूर विकायला आलेले होते. २०२४-२५ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० होता, आणि तूर बाजारात आली तेव्हा सौदे त्याच्या खाली निघाले. म्हणजे तूर स्वस्त विकलेला माणूस पातळ वरण खाऊन एसटीला जातो. सरकारनं हमीभावानं घेतलेली तूर गोदामातून या केंद्रांना डाळ करून दिली तर ताईंच्या उधारीतला मोठा तुकडा कमी होईल. रोज शंभर थाळ्यांच्या केंद्राला महिन्याला फक्त ६५ किलो डाळ लागते. पोषण आहाराला शाळेत तांदूळ पोचवता येतो, तर हेही पोचवता येईल.

गुण द्यायचेच तर चपाती साडेतीन, भाजी साडेचार, भात तीन, वरण दोन, स्वच्छता चार. सगळे पाचपैकी. वेळ अकरा ते तीन लिहिलीय, पण इष्टांक, म्हणजे रोजच्या थाळ्यांचा ठरवून दिलेला आकडा, शंभरचाच असल्यानं बाजाराच्या दिवशी सव्वा वाजताच संपतं. साडेबाराच्या आत जा, सुटे दहा रुपये न्या, कांदा-मिरची हवी असेल तर घरून न्या. आणि रुग्णालयात कुणाला भेटायला आला असाल आणि खिशात शंभराची नोट असेल तर शेजारच्या हॉटेलात जेवा, ती थाळी ज्याच्यासाठी आहे त्याला राहू द्या.

आमच्या गावच्या गटातल्या बायका हे वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. असं केंद्र आपणही घ्यावं का, असं त्यांनी मला विचारलंय. घ्या, पण सहा महिन्यांचा किराणा स्वतःच्या पैशानं भरता येत असेल तरच. गटाची बचत त्यात घालू नका. चपात्या लाटणारीची मजुरी रोजच्या रोज गल्ल्यातून द्या, त्यासाठी हजार रुपये पुरतात. बिलाची प्रत, ॲपमधल्या थाळ्यांचा आकडा आणि तारीख दर आठवड्याला वहीत लिहून पुरवठा शाखेचा शिक्का घ्या. जागा दवाखान्याजवळच बघा. बाजार समितीच्या गेटवर मिळत असेल तर नको, तिथला हमाल दोन चपात्यांत उठणार नाही आणि तिसरी तुम्हाला परवडणार नाही.